मेरी राणी आणि ग्रीनिच येथील खलाशांचें आश्रयगृह

लंडन शहराच्या पूर्वेस, थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, ग्रीनिच नांवाचें स्थळ आहे. नदींतून जाणाऱ्या मनुष्यास तेथें पांढऱ्या दगडाच्या भव्य इमारतींच्या दोन रांगा दिसतात, आणि त्या दोहोंच्या मधोमध मोठी मोकळी जागा सोडलेली दिसते. त्या जागेच्या पलीकडे, बऱ्याच अंतरावर, एक लहानसें पांढरें घर आहे. इतक्या थोर कामाच्या ऐन मध्यावर कांहींच बांधलेलें नाहीं, ह्याचें नवख्या पाहुण्यास नवल वाटतें. ह्या इमारती पाहून हा कोणा राजाचा वाडा असावा असें वाटेल. पण लढाईंत हातपाय गमावलेल्या आणि म्हातारपणीं निराधार झालेल्या खलाशांसाठीं त्या उभारल्या. ज्या राणीच्या इच्छेनें त्या उभ्या राहिल्या तिला त्यांचा पायाही पाहावयास मिळाला नाहीं. तिचें चरित्र आमच्या मंडळ्यांतील वाचकांनीं अवश्य वाचावें. कारण धर्मासाठीं बापाच्या घराशीं ताटातूट होणें म्हणजे काय, हें आमच्यापैकीं पुष्कळांस ऐकून नव्हे, तर भोगून ठाऊक आहे.

मेरीचा जन्म ता. ३० एप्रिल १६६२ रोजीं लंडनमध्यें झाला. तिचा बाप जेम्स हा इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस ह्याचा धाकटा भाऊ व आरमाराचा मुख्य अधिकारी होता. हा मनुष्य नांवाचाच दर्यासारंग नव्हता. १६६५ व १६७२ सालीं डच लोकांबरोबर झालेल्या समुद्रावरील लढायांत तो स्वतः जहाजावर उभा राहून लढला, आणि आरमाराच्या कारभारास त्यानें पुष्कळ शिस्त लावली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा संबंध येणार आहे. मेरीची आई अ‍ॅन हाइड १६७१ सालीं वारली, तेव्हां मुलगी अवघी आठ वर्षांची होती. आईनें मरणापूर्वीं रोमन कॅथलिक मत पत्करलें होतें व बापही त्याच मार्गास लागला होता. परंतु राजा चार्लसच्या आज्ञेवरून मेरी व तिची धाकटी बहीण अ‍ॅन ह्यांस प्रॉटेस्टंट धर्माचें शिक्षण देण्यांत आलें. अशा रीतीनें एकाच घरांत बापाची उपासना एकीकडे व मुलींची दुसरीकडे असा प्रकार त्यांच्या लहानपणापासूनच चालूं झाला.

पंधराव्या वर्षीं, ता. ४ नोव्हेंबर १६७७ रोजीं, तिचें लग्न तिचा आतेभाऊ, हॉलंडचा विल्यम, ह्याच्याशीं लावून देण्यांत आलें. नवरा तिच्याहून अकरा वर्षांनीं मोठा, प्रकृतीनें अशक्त आणि बोलण्यांत रुक्ष. लग्न ठरल्याचें ऐकून मुलगी रडूं लागली. राज्यकारभाराच्या सोईसाठीं केलेलें हें लग्न, आणि पहिलीं वर्षें तिला सुखाचीं गेलीं नाहींत. तिला मूल झालें नाहीं; दोनदां आशा उत्पन्न होऊन ती नष्ट झाली. तथापि हॉलंडांतील लोकांवर तिचें मन जडलें, व तेथील लोकांचेंही तिच्यावर. वाचन, शिवणकाम, बागबगीचा आणि नित्याची प्रार्थना ह्यांत तिचे दिवस जात.

१६८५ सालीं चार्लस मरण पावला व मेरीचा बाप इंग्लंडच्या गादीवर बसला. मुलीनें आपलें मत स्वीकारावें अशी त्याची फार इच्छा होती. १६८७ सालीं त्यानें तिला स्वहस्तें पत्र लिहून आपण रोमन मंडळींत कां गेलों ह्याचीं कारणें कळविलीं. मेरीनें उत्तर लिहिलें तें दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलें नाहीं. बापाविषयींचा आदर न सोडतां तिनें एकेका मुद्द्याचा विचार केला व आपण आहों तेथेंच राहणार असें स्पष्ट कळविलें. पंचवीस वर्षांच्या, राजवाड्यांत वाढलेल्या स्त्रीस आपल्या विश्वासाचीं कारणें इतकीं नीट मांडतां आलीं, ह्याचें तिच्या ओळखीच्या धर्मोपदेशकांस आश्चर्य वाटलें. उपदेशकाचें काम करणाऱ्या आमच्या बंधूंनीं हा प्रसंग विसरूं नये.

पुढील वर्षीं संकट आलें. जून १६८८ मध्यें राजास पुत्र झाला. ह्यापुढें रोमन कॅथलिक राजांचीच परंपरा चालणार ह्या भीतीनें इंग्लंडांतील सात मोठ्या पुरुषांनीं विल्यमास बोलावणें पाठविलें. ता. ५ नोव्हेंबर १६८८ रोजीं तो सैन्यासह इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. जेम्सचे सरदार त्यास सोडून गेले, आणि डिसेंबरांत तो फ्रान्स देशीं पळून गेला. फेब्रुवारी १६८९ मध्यें मेरी इंग्लंडास आली, व पार्लमेंटनें नवराबायको दोघांसही एकत्र राज्यपद दिलें. एकटीनें राज्य करण्याची गोष्ट कांहीं लोकांनीं काढली होती. ती तिनें पतीवांचून मान्य केली नाहीं.

येथें तिला सर्वस्वीं निर्दोष म्हणणें खरें होणार नाहीं. नवा जन्मलेला राजपुत्र राणीच्या पोटचा नसून कोठून तरी चोरून आणलेला आहे अशी एक कंडी तेव्हां उठली होती. ती खोटी होती. तरी मेरीनें तिच्यावर विश्वास ठेवला आणि आपल्या बापाकडून असें कपट झालें असें मानलें. लंडनच्या राजवाड्यांत पाऊल ठेवतांना ती हंसतमुखानें वावरली, हेंही लोकांस रुचलें नाहीं. बापाला घालवून त्याच्या खोल्यांत आनंदानें फिरणारी ही कसली मुलगी, असें लोक म्हणूं लागले. वास्तविक चेहरा प्रसन्न ठेवावा असें पतीनें तिला कळविलें होतें, आणि तिच्या स्वतःच्या लिखाणावरून पाहतां आंतून ती खिन्न होती. पांचव्या आज्ञेचा प्रश्न तिच्या मनास जन्मभर टोंचीत राहिला. पहिल्या आज्ञेसाठीं आपण बापास सोडलें असें ती समजे. पण त्यामुळें जखम भरून आली असें नाहीं.

विल्यम वारंवार लढाईवर जाई, आणि तो बाहेर असतां राज्याचा सर्व भार मेरीवर पडे. १६९० च्या उन्हाळ्यांत तर एकाच वेळीं दोन्हीकडून घाला आला. ता. ३० जून रोजीं बीची हेड येथें फ्रेंच आरमारानें इंग्रज व डच आरमाराचा पराभव केला, आणि दुसऱ्याच दिवशीं आयर्लंडांत बॉइन नदीवर तिचा पति व तिचा पिता समोरासमोर लढाईस उभे राहिले. पति विजयी झाला. बापाच्या जिवास अपाय होऊं नये अशी विनंति तिनें पतीस आधींपासून पत्रांतून केली होती. जेम्स निसटून पुन्हां फ्रान्सांत गेला, ही बातमी तिला विजयाच्या बातमीइतकीच दिलासा देणारी वाटली असली पाहिजे.

आतां १६९२ सालाकडे वळूं. फ्रान्सच्या राजानें जेम्ससाठीं मोठी फौज तयार केली, व ती इंग्लंडांत उतरविण्यासाठीं ला होग नांवाच्या बंदराजवळ जमविली. जेम्स तेथें जातीनें हजर होता. इकडे विल्यम परदेशीं, आणि लंडनांत मेरी एकटी. आरमाराचे कांहीं अधिकारी आंतून जुन्या राजाला मिळालेले आहेत असा बोभाटा होता. कारण त्यांतील बहुतेक त्याच्याच हाताखालीं वाढलेले. तिनें त्यांच्यावर संशय न धरतां आपला पूर्ण भरंवसा असल्याचें त्यांस कळविलें. मे महिन्याच्या १९ व्या तारखेस बार्फ्लर येथें लढाई जुंपली, फ्रेंच आरमार मागें हटलें, आणि ता. २३ व २४ रोजीं ला होगच्या उथळ पाण्यांत आश्रय घेतलेलीं १२ मोठीं फ्रेंच जहाजें इंग्रज खलाशांनीं होड्यांतून जाऊन जाळून टाकलीं. किनाऱ्यावरून जेम्स हें पाहत होता. ज्या आरमाराला त्यानें शिस्त लावली त्याच आरमाराच्या माणसांनीं, त्याच्याच मुलीच्या नांवानें, त्याची शेवटची आशा त्याच्या डोळ्यांदेखत जाळली.

लंडनांत घंटा वाजल्या, होळ्या पेटल्या. राणीनें मात्र लागलीच जखमी माणसांकडे लक्ष दिलें. शस्त्रें, पट्ट्या व औषधें देऊन ५० शस्त्रवैद्य तिनें तांतडीनें पोर्टस्मथ बंदरास पाठविले, आणि लंडनांतील सेंट थॉमस व सेंट बार्थोलोम्यू ह्या दोन जुन्या रुग्णालयांत सरकारी खर्चानें खाटांची व्यवस्था करविली. ह्यावांचून सबंध राजधानींत जखमी खलाशी ठेवावयास जागाच नव्हती.

त्या काळचा खलाशी म्हणजे कोण, हें समजल्यावांचून राणीच्या कामाची किंमत कळणार नाहीं. पुष्कळांस बंदरांतून व रस्त्यांवरून पकडून सक्तीनें जहाजावर नेत. आमच्याकडे जिला वेठ म्हणत तीच ही, फक्त समुद्रावरची. पगार वर्ष वर्ष थकत असे. तोफेचा गोळा जहाजाच्या बाजूस लागला म्हणजे लांकडाच्या ढलप्या उडत, व त्या अंगांत घुसून माणसें लोळत. हात किंवा पाय कापावा लागला तर शुद्धि घालविणारें औषध तेव्हां नव्हतें. इतकें सोसून जो वांचे तो किनाऱ्यावर उतरविला जाई, आणि मग त्यास विचारणारा कोणी नसे. खलाशांच्याच पगारांतून कापलेल्या पैशांचा एक जुना निधि चॅथम येथें होता. त्यांतून थोडें वर्षासन मिळे, पण डोक्यावर छप्पर मिळत नसे. जमिनीवरच्या शिपायांसाठीं राजा चार्लसनें १६८२ सालीं चेल्सी येथें आश्रयगृह स्थापिलें होतें, व तें १६९२ सालींच म्हाताऱ्या शिपायांनीं भरूं लागलें होतें. (आमच्याकडे दापोलीस पूर्वीं पेन्शनर शिपायांची मोठी वसाहत होती, चेल्सी हें तशा लोकांस एका छपराखालीं ठेवणारें घर होय.) खलाशांसाठीं असें कांहींच नव्हतें. ह्या घरांस इंग्रजींत हॉस्पिटल म्हणत, पण त्या शब्दाचा जुना अर्थ नुसता दवाखाना नव्हे. वृद्ध व पंगु मनुष्यास मरेपर्यंत अन्न, वस्त्र व शुश्रूषा मिळण्याचें ठिकाण असा आहे.

ग्रीनिच येथें राजा चार्लसनें आपल्यासाठीं बांधावयास घेतलेल्या वाड्याचा एकच भाग उभा राहून तो वर्षानुवर्षें रिकामा पडला होता. हा वाडा खलाशांस द्यावा असें मेरीच्या मनानें घेतलें. सर क्रिस्टोफर रेन ह्या नामांकित वास्तुकारास आराखडा करावयास सांगण्यांत आलें, व त्यानें आपल्या श्रमाचें एक पैसाही वेतन घेतलें नाहीं. त्याच्या मनांत मधोमध एक मोठा घुमट उभारावयाचा होता. राणीनें तें मान्य केलें नाहीं. मागील लहान घर, जें तिच्या पूर्वींच्या एका राणीसाठीं १६१६ सालीं आरंभिलें होतें, तें पाडूं नये व नदीवरून त्याचें दर्शन बंद होऊं नये, असा तिचा आग्रह होता. म्हणून रेनला इमारत मधोमध दुभागावी लागली, आणि एका घुमटाऐवजीं दोन झाले. ही मधली वाट ११५ फूट रुंद आहे. तिचा हा हट्ट कित्येकांस राणीची लहर वाटला. तरी गरिबांसाठीं बांधावयाचें म्हणून ओबडधोबड चालेल असें तिनें मानलें नाहीं, एवढें त्यावरून खास दिसतें.

ह्या सर्व काळांत तिच्या घरचें दुःख संपलें नव्हतें. १६९२ सालींच सख्ख्या बहिणीशीं, अ‍ॅनशीं, तिचें मोठें भांडण झालें. निमित्त अ‍ॅनच्या एका मैत्रिणीचें होतें. दोघी बहिणी पुन्हां भेटल्या नाहींत. बापापासून तुटणें धर्मासाठीं होतें असें म्हणतां येईल. बहिणीपासून तुटण्यास तसें कारण नव्हतें, आणि येथें राणीच्या बाजूनें बोलणें आम्हांस जमत नाहीं.

खलाशांच्या आश्रयगृहाची सनद राजा व राणी ह्या दोघांच्या नांवें ता. २५ ऑक्टोबर १६९४ रोजीं निघाली. त्यानंतर दोन महिनेही गेले नाहींत तोंच लंडनांत देवीची सांथ आली. (आमच्या खेड्यांत ह्या रोगास देवीचा कोप समजून नवस करीत. जेनरनें लस शोधून काढली ती १७९६ सालीं, आणि १९८० सालीं हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.) अंगावर लक्षणें दिसतांच मेरी आपल्या खोलींत एकटी बसली, व रात्रभर आपलीं खासगी पत्रें व कागद वाचून तिनें ते जाळून टाकले. ज्या नोकरांस पूर्वीं देवी आल्या नव्हत्या त्यांनीं ताबडतोब वाड्याबाहेर जावें अशी तिनें आज्ञा केली. विल्यमचे आईबाप दोघेही ह्याच रोगानें गेले होते. तो तिच्या खोलींतच साधी खाट टाकून राहिला. ज्याच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलें नव्हतें असा तो रुक्ष मनुष्य लोकांसमक्ष रडला. टेनिसन नांवाच्या आर्चबिशपानें तिला मरण जवळ आल्याचें सांगितलें तें तिनें शांतपणें ऐकून घेतलें व प्रभुभोजन घेतलें. ता. २८ डिसेंबर १६९४ रोजीं ती मरण पावली. वय बत्तीस वर्षें.

फ्रान्सांत बापास हें वर्तमान कळलें, तेव्हां त्यानें आपल्या दरबारीं सुतक पाळूं दिलें नाहीं.

विल्यमनें बायकोची इच्छा हीच तिची समाधि मानली. त्यानें वर्षास २००० पौंड नेमून दिले. सरदार व श्रीमंत लोकांनींही वर्गणीच्या यादींत नांवें घातलीं; परंतु यादींतला पैसा आणि पेटींतला पैसा ह्यांत फार अंतर पडलें, हा अनुभव आमच्या मंडळ्यांच्या खजिनदारांस नवा नाहीं. ह्या कामाचा खजिनदार जॉन एव्हलिन म्हणून एक भाविक वृद्ध गृहस्थ होता. ता. ३० जून १६९६ रोजीं संध्याकाळीं ठीक पांच वाजतां त्यानें व रेननें पायाचा दगड बसविला. घटका पाहण्यास ग्रीनिचच्या वेधशाळेचा ज्योतिषी फ्लॅमस्टीड उभा होता. मुहूर्तासाठीं नव्हे, नेमकी वेळ टिपण्यासाठीं.

खरा पैसा आला तो खलाशांकडून. त्याच वर्षीं कायदा होऊन प्रत्येक खलाशाच्या पगारांतून दरमहा सहा पेन्स ह्या घरासाठीं कापूं लागले. आरमारांतीलच नव्हे, तर व्यापारी जहाजांवरील खलाशांचेही. व्यापारी जहाजांवरील लोकांस ह्या घराचा लाभ क्वचितच मिळे, तरी त्यांचे सहा पेन्स १८३४ पर्यंत कापले जात होते. हा अन्याय झाला असें म्हटलें पाहिजे. दुसरी एक चमत्कारिक भर १७०५ सालीं पडली. किड नांवाच्या चांचाला १७०१ सालीं फांशी दिलें होतें. १६९८ मध्यें मलबारच्या बाजूस सुरतेकडे जाणारें एक श्रीमंत व्यापारी जहाज त्यानें धरलें होतें. त्याच्या जप्त मालमत्तेचे ६४७२ पौंड ह्या घरास देण्यांत आले. तेव्हां गादीवर अ‍ॅन होती. विल्यम १७०२ सालीं वारला होता, व त्याच्या अंगावर काळ्या फितीला बांधलेली मेरीच्या केसांची बट सांपडली होती. ज्या बहिणीशीं अबोला राहिला तिच्याच कारकीर्दींत, १७०५ सालीं, पहिले ४२ खलाशी ग्रीनिचला राहावयास आले.

त्यांस निळा अंगरखा, जेवण, बिअर व थोडा हातखर्च मिळे. शुश्रूषेसाठीं खलाशांच्याच विधवा नेमीत. दारू पिऊन धिंगाणा घालणारास शिक्षा म्हणून पिवळा अंगरखा चढवीत, म्हणजे सर्वांस तो दुरून ओळखूं येई. जेवणासाठीं बांधलेल्या दालनाच्या भिंती व छत थॉर्नहिल नांवाच्या चिताऱ्यानें १९ वर्षें खपून रंगविलें. छताच्या मध्यावर विल्यम व मेरी बसलेलीं आहेत. त्याच छतावर हिवाळ्याची मूर्ति काढतांना त्यानें तेथल्याच एका अतिवृद्ध खलाशाचा चेहरा घेतला, आणि तो म्हातारा दांडगाईबद्दल वारंवार शिक्षा भोगलेला होता. पण दालन इतकें सुंदर झालें कीं म्हाताऱ्यांस तेथें जेवावयास बसवेनात. त्यांचीं पानें खालच्या तळघरांत मांडूं लागले.

पुढें ह्याहून वाईट प्रकार घडले. १७७८ सालीं तेथील उपप्रमुख कॅप्टन बेली ह्यानें पुस्तक छापून उघड केलें कीं, खलाशांच्या ताटांतलें मांस खराब आहे, बिअरमध्यें पाणी आहे, आणि खलाशांसाठीं असलेल्या जागा कधीं समुद्र न पाहिलेल्या मर्जीतल्या लोकांस वांटल्या जात आहेत. त्याच्यावर बदनामीचा खटला झाला. अर्स्किन नांवाच्या तरुण वकिलानें त्याची बाजू इतक्या धैर्यानें मांडली कीं तो खटला जिंकला. तथापि बेलीची नोकरी गेली ती गेलीच.

नेपोलियनशीं चाललेल्या लढायांच्या शेवटीं, १८१४ सालीं, तेथें २७१० खलाशी राहत होते. नंतर समुद्रावर मोठ्या लढाया राहिल्या नाहींत. १८६५ सालीं कायदा होऊन त्यांस पेन्शन घेऊन आपापल्या घरीं राहण्याची मोकळीक मिळाली, तेव्हां बहुतेकांनीं पांढऱ्या दगडाचा वाडा सोडून बायकामुलांची झोंपडी पत्करली. १८६९ सालीं घर रिकामें झालें. १८७३ पासून १९९८ पर्यंत तेथें आरमारी अधिकाऱ्यांचें विद्यालय होतें, आणि आतां तेथें विद्यापीठ आहे. निधि मात्र मोडला नाहीं. ग्रीनिच हॉस्पिटल ह्याच नांवानें तो आरमारांत नोकरी केलेल्या माणसांस व त्यांच्या कुटुंबांस मदत करीत असतो. आणि खलाशांच्या मुलांसाठीं त्यानें चालविलेली शाळा १९३३ सालीं सफोक परगण्यांत होलब्रुक येथें नेण्यांत आली, ती तेथें चालू आहे.